चौथ्या मजल्यावरचं सातवं दार

३ मार्च, सोमवार

भाचीने फोनवर बजावलंय, मामा, जे काही करशील ते लिहून ठेव. बिघडलं की मागे जाऊन बघता येतं. मला हे नवीन नाही. लिफ्टच्या मशीनखोलीत खिळ्याला दोरीने बांधलेली वही असायचीच. कोणता भाग बदलला, कशाला तेल दिलं, खाली सही. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, वही लिहायला आणखी कोण शिकवणार?

तर पहिली नोंद. आमच्या इमारतीच्या तळघरात अवजारांची खोली आहे. शिडी, ड्रिल, करवती, पाने, हातगाडी, एक शिवणयंत्रसुद्धा. राहणाऱ्यांपैकी ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. किल्ली माझ्याकडे. मी सकाळी डबा घेऊन खाली येतो तो संध्याकाळीच वर जातो. वर घरात उजेड बरा नाही.

आज व्यवस्थापक आले. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून सगळे त्यांना किल्लीवाले साहेब म्हणतात. समितीला ही खोली कपडे धुण्याच्या यंत्रांसाठी हवी आहे म्हणाले. महिनाअखेर बैठक आहे, लोक खोली वापरतात असं दाखवता आलं तर बघू. मी म्हटलं, वापरतात की. ते म्हणाले, "कोण? मी येतो तेव्हा तुम्ही एकटेच दिसता."

लोकांना बिचाऱ्यांना इथे काय आहे तेच ठाऊक नाही. तेव्हा वेबसाइट करायची. कोणती वस्तू आहे, कोणी नेलीय, कधी परत येईल, सगळं घरबसल्या दिसावं. व्हिडिओ बघून बघून मी हे शिकलोय. गुरू कोणी नाही, चुका मात्र भरपूर. खोली गेली तर मी दिवसभर कुठे बसू, हा प्रश्न साहेबांना विचारला नाही. तो त्यांच्या रकान्यात बसत नाही.

५ मार्च, बुधवार

काम झकास चाललंय. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. लिफ्टचे रूळ, दोर, वजनं आधीच उभी असावीत आणि आपण फक्त डबा बसवून बटणं जोडावीत, तसं. पानं दिसायला लागली. माहिती सध्या याच संगणकातल्या एका छोट्या फाइलीत ठेवलीय. तीन तक्ते: एक माणसांचा, एक वस्तूंचा, एक उसनवारीचा. उसनवारीची ओळ एका हाताने माणसाला धरते, दुसऱ्या हाताने वस्तूला.

चालतंय की नाही हे बघायला माणसं हवीत. खरी कुठून आणू? म्हणून खोटी केली. एक गुरगुरे, त्यांना प्रत्येक वस्तूत खोट दिसते. एक विसरभोळे, नेलेलं कधी परत करत नाहीत. आणि एक टाकेवाली. शिवणकाम करणारी. तिला चौथ्या मजल्यावर सात नंबरचं घर दिलं. चौथ्यावर दारं सहाच आहेत, ही लिफ्ट मीच बसवलीय, मला ठाऊक नसेल तर कोणाला? मुद्दामच दिलं. खऱ्या माणसाच्या दारावर खोटी पाटी नको.

वस्तूंच्या यादीत आणखी काहीतरी हवं म्हणून आमच्या हिची, बायकोची, कापड कापायची कात्री लिहिली. ती खरं तर वर खणात आहे, मलमलीत गुंडाळून. ती टाकेवालीला उसनी दिली.

७ मार्च, शुक्रवार

वस्तूखाली चिठ्ठी लिहायची सोय केली. गुरगुरेंनी शिडी डुगडुगते म्हणून कुरकुर केली. विसरभोळ्यांनी टाकेवालीची माफी मागितली, तिला हवं असलेलं शिवणयंत्र ते परत करायला विसरले होते. तिने उत्तर दिलं, "असू दे, असू दे. तोवर मी हाताने टीप घालते."

डबा खायचं राहूनच गेलं आज.

९ मार्च, रविवार

भाचीचा फोन. ती फार लांब एका कचेरीत डेटाबेस सांभाळते. मी म्हटलं, झालंय काम, बघ. तिने तिकडूनच माझ्या संगणकात शिरून इथे तिथे दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, छान आहे, पण हे तुझ्या खिशातल्या चिठोऱ्यासारखं आहे. चार माणसांनी एकदम लिहायला घेतलं की फाटेल. खरा डेटाबेस हवा." इमारतीच्या कार्यालयात तो असणार, कोणत्या घरात कोण राहतं ते त्यातच असतं, साहेबांना विचार, तुझा सांगाडा त्याला जोड, म्हणाली.

मग तिने टाकेवालीच्या चिठ्ठ्या वाचल्या. हे तू लिहिलंस का, म्हणाली. मी म्हटलं, दुसरं कोण लिहिणार, चाचणीचा मजकूर आहे. तर विचारते, "घरी कोणी येतं का रे?" मी म्हटलं, अगं, दिवसभर मी खोलीत असतो, घरी येऊन कोणी काय करेल?

फोन ठेवताना म्हणाली, "जोडशील तेव्हा खोटी माणसं आधी पुसून टाक. नाहीतर खऱ्या घरात भुतं नेशील." भाची झाली म्हणून काय, मामालाच शिकवते. कानामागून आली नि तिखट झाली.

१२ मार्च, बुधवार

साहेबांनी परवानगी दिली. एका कागदावर डेटाबेसचं नाव, त्याच्या संगणकाचा पत्ता, कोणत्या दाराने आत शिरायचं त्याचा क्रमांक आणि माझ्यासाठी नाव लिहून दिलं. पासवर्ड कानात सांगितला, जणू मी तिजोरीच लुटायला निघालोय.

सगळं सेटिंगच्या फाइलीत भरलं. चालू केलं. पहिला झटका: दुभाष्याच नाही. फ्रेमवर्कची भाषा वेगळी, डेटाबेसची वेगळी. मधला दुभाष्या निराळा आणून बसवावा लागतो. बसवला. दुसरा झटका: जोडणी नाकारली. बस. कारण नाही, कोण बोलतंय ते नाही. दार वाजवावं आणि आतून नुसती कडी घातल्याचा आवाज यावा, तसं.

१३ मार्च, गुरुवार

नाकारली.

१४ मार्च, शुक्रवार

पत्ता तपासला. पासवर्ड तीनदा भरला. कार्यालयात जाऊन पाहिलं तर डेटाबेस मजेत चालू. साहेब त्यांच्या खुर्चीवरून त्याच्याशी बोलतात, तो पोपटासारखा उत्तरं देतो. मी खालून हाक मारली की बहिरा.

दुपारी दारावरची घंटा वाजली म्हणे. शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, कोणीतरी विचारायला आलं होतं. मी खाली होतो. असतो तरी उघडलं असतं असं नाही. जो येतो तो काहीतरी विकायलाच येतो.

१६ मार्च, रविवार

भाचीने मिनिटात सांगितलं. "मामा, तो फक्त स्वतःच्या घरातलंच ऐकतो. तसाच लावलेला असतो. बाहेरचं ऐकायला त्याला सांगावं लागतं, आणि बाहेरच्यांपैकी कोणाचं ऐकायचं तेही."

किती साधी गोष्ट. मी म्हटलं, असा कसा गं घुमा? कोणी बोलावलं तर ओ द्यायला काय जातं? ती हसली आणि म्हणाली, तेच तर.

काय 'तेच तर' ते कळलं नाही. आजकालच्या पोरी अर्धं वाक्य बोलतात आणि अर्धं आपण जुळवायचं.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांसमोर बसून त्यांच्या संगणकावर ती ओळ बदलली. खाली धावत आलो, म्हणजे माझ्या वयाला शोभेल इतकं धावत. चालू केलं. आणि ओ आली!

तक्ते मात्र तिथे नव्हते. फ्रेमवर्कला सांगितलं, माझे तक्ते तिकडे उभे कर. एकेक उभा राहिला. नव्या इमारतीत लिफ्ट पहिल्यांदा वर जाते तेव्हा आम्ही सगळे खाली माना वर करून उभे राहायचो, आकडे एकेक पेटताना बघत. आज तशी मान वर करून एकटाच उभा होतो. कोणाला सांगावंसं वाटलं. शिडीला सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

आता माहिती तिकडे न्यायची. वस्तू गेल्या. गुरगुरे आणि विसरभोळे यांना भाचीचं ऐकून मागेच ठेवलं. राहिली टाकेवाली. तिला काढलं तर कात्री खोलीत आहे असं दिसेल, आणि खोलीत तर कात्री नाही. लोक मागतील. लोकांना खोटं दाखवणं बरं नव्हे. तेव्हा तिला तूर्तास न्यायचं ठरवलं.

घोडं तिथेच अडलं. कार्यालयाच्या डेटाबेसात घरांचा तक्ता आधीपासून आहे आणि माझा माणसांचा तक्ता मीच त्याला बांधलाय. तो म्हणाला, चौथ्यावर सात नंबरचं घर नाही, हे माणूस घेत नाही.

बरोबर आहे त्याचं. लिफ्टच्या दारातही असंच असतं. दार नीट मिटलं नाही तर आतला खटका जुळत नाही आणि डबा हलत नाही. कितीही बटणं दाबा. म्हणून तर माणसं जगतात. पण घाईतले मिस्त्री काय करतात, त्या खटक्यावर एक तार टाकतात. यंत्राला वाटतं दार मिटलंय. हाताखालच्या पोरांना मी एकच गोष्ट ओरडून सांगायचो, तार टाकायची नाही. टाकलीत तर काढल्याशिवाय जेवायला जायचं नाही.

मी घरांच्या तक्त्याशी असलेली ती गाठ सोडली. टाकेवाली आत गेली. गाठ पुन्हा बांधू म्हटलं तर तो बांधून घेईना. आत एक चुकीचं माणूस आहे म्हणाला. राहू दे. बैठक झाली की बघू.

२० मार्च, गुरुवार

साइट सुरू झाली. साहेबांनी लिफ्टच्या आत पाटी लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांचे वडील आले, हातगाडी घेऊन गेले. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी शिडी मागितली, मी नेऊन दिली, दिवा बदलून दिला.

२१ मार्च, शुक्रवार

कोणी नाही.

२२ मार्च, शनिवार

कात्रीखाली चिठ्ठी! खऱ्या माणसाची. तिसऱ्या मजल्यावर नव्याच राहायला आलेल्या एक बाई आहेत, बस चालवतात. त्यांनी लिहिलंय, "टाकेवाल्या ताई, तुमचं काम झालं की कात्री मला मिळेल का? पडद्याचं जाड कापड आणलंय, घरातल्या कात्रीने नुसतं चावल्यासारखं होतं. घाई नाही. तोवर खिडक्यांना वर्तमानपत्रं लावलीत."

मी पान बंद केलं. उघडलं. चिठ्ठी तिथेच.

कात्री देता येणार नाही. तिला धार लावायला झालीय. शिवाय दमट हवेत गंज धरेल. शिवाय लोक कागद कापतात; कापडाच्या कात्रीने कागद कापला की ती मेलीच, आमची ही कोणाला हात लावू द्यायची नाही.

उत्तर दिलं नाही तर टाकेवाली उर्मट ठरेल, म्हणून तिच्या नावाने दोन ओळी लिहिल्या. "असू दे, असू दे, तुम्ही मागितलीत त्यात काय. माझे थोडे तुकडे राहिलेत. झालं की देते."

२३ मार्च, रविवार

भाचीला सगळं सांगितलं, हे सोडून.

२५ मार्च, मंगळवार

बसवाल्या बाई रोज लिहितात. पहाटेच्या पाळीला निघताना बस रिकामी असते, आरशात मागच्या सगळ्या खुर्च्या दिसतात, म्हणतात. कोणता पडदा कुठल्या खिडकीला, हेही विचारलं. टाकेवालीने सांगितलं, गडद रंग पूर्वेच्या खिडकीला, नाहीतर सकाळी डोळ्यावर येतं. आणि कापड कापण्याआधी भिजवून वाळवा, नंतर आटतं. हे मला कुठून ठाऊक, कोण जाणे. ऐकून ऐकून माहीत झालेलं असावं.

आज टाकेवालीने सहज लिहिलं की राखाडी दोरा संपलाय, म्हणून काम अडलंय. वेळ काढायला काहीतरी लिहायला हवंच होतं. तिच्या नावावर शिवणयंत्र आणि दिवाही चढवला, शिवणारीकडे एवढं हवंच.

२६ मार्च, बुधवार

साहेब खाली आले, खुशीत होते. साइट बघितली म्हणाले. या टाकेवाल्या बाई बऱ्याच वस्तू नेतात की, शिवणयंत्र काय, दिवा काय, चिठ्ठ्याही भरपूर. "अशी आणखी तीन-चार माणसं दाखवा, खोली तुमची."

पाना हातात होता, तो पुसत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते गेल्यावरही पुसत होतो.

फाइलीत गुरगुरे आणि विसरभोळे अजून आहेत. तार टाकलेलीच आहे. कोणालाही आत घेता येईल.

२९ मार्च, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण वही ही चांगल्या दिवसांपुरती नसते.

दुपारी बसवाल्या बाई खोलीत आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बसच्या गणवेशातच होत्या, काखेत कापडाची घडी.

"काका, चौथ्या मजल्यावर सात नंबरचं दार कुठे आहे?"

मी हातातला पाना खाली ठेवला. त्याच बोलत राहिल्या. लिफ्टने गेले, सहावं दार बघितलं, पुढे भिंत, भिंतीवर आग विझवायची नळी. वाटलं आपलंच चुकलं. खाली उतरले, पुन्हा वर गेले. गावभरचे रस्ते पाठ आहेत, पण इथल्या जिन्यांत अजून चुकायला होतं. सहाव्या दारातल्या माणसाने सांगितलं, अशी कोणी बाई इथे राहत नाही.

"त्यांचा दोरा संपलाय ना," त्या म्हणाल्या आणि खिशातून राखाडी दोऱ्याचं रीळ काढलं. "म्हटलं, आज सुट्टी आहे, नेऊन द्यावा. कात्री नाही मागायला आले."

मी म्हटलं, "तिथे कोणी राहत नाही."

"मग मला कोण लिहितं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग संगणकाकडे, मग भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, माझीही बाजू मांडता आली असती. माझी काही बाजू होती का, हा भाग वेगळा. त्या फक्त म्हणाल्या, "मला वाटलं, या इमारतीत एक ओळख झाली."

रीळ टेबलावर ठेवलं आणि गेल्या. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला. खटका नीट जुळला. तेवढं माझ्या कानाला अजून कळतं.

३० मार्च, रविवार

टाकेवालीला काढून टाकायला बसलो. डेटाबेस नाही म्हणाला. हिच्यावर दुसऱ्या ओळी अवलंबून आहेत, हिला काढता येणार नाही.

भाचीचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं, या वेळी काही न सोडता. ती ओरडली नाही. तिने सांगितलं की अशा वेळी तीन वाटा असतात. एक, काढूच द्यायचं नाही. सध्या तेच लावलंय. दुसरी, एक माणूस गेलं की त्याला धरून असलेलं सगळं त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं; म्हणजे बसवाल्या बाईंनी लिहिलेलंही जाईल, रिकामी बस, आरसा, खिडक्या, सगळं.

"आणि तिसरी?"

"तिसरी म्हणजे माणूस जातं, ओळी राहतात. नावाची जागा फक्त रिकामी होते."

मी म्हटलं, त्या बाईंचं लिहिलेलं पुसायचा मला अधिकार नाही. ती म्हणाली, नाहीच आहे. मग हळूच म्हणाली, "मामा, मामीची कात्री खणात आहे ना अजून?" मी म्हटलं, असेल. म्हणाली, आता फोन ठेवते, तू काम कर.

तिसरी वाट घेतली. टाकेवाली गेली. चिठ्ठ्या राहिल्या, 'कोणाला' या रकान्यात काही नाही. घरांच्या तक्त्याशी गाठ पुन्हा बांधली, या वेळी मुकाट्याने बसली. फाइलीतले गुरगुरे, विसरभोळेही पुसले. पुसताना विसरभोळ्यांकडे शिवणयंत्र बाकी दिसत होतं. बिचाऱ्याने शेवटपर्यंत परत केलं नाही.

तार काढली. सही.

३१ मार्च, सोमवार

बैठक. साहेबांनी आकडे वाचायला घेतले, मी उभा राहून म्हटलं, ते आकडे चुकीचे आहेत. टाकेवाल्या बाई नाहीत. मी बनवल्या होत्या. खरी उसनवारी म्हणजे हातगाडी, शिडी, ड्रिल आणि एकदा पंप.

कोणी हसलं नाही. जुळ्यांचे वडील म्हणाले, हातगाडी फार उपयोगाला आली. आजी म्हणाल्या, दिवा अजून लागतो. पण चार शितांनी भात होत नाही. खोली यंत्रांना गेली.

बाहेर साहेब म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असतात तर खोली राहिली असती." मी म्हटलं, हो. ते किल्ल्या हातात खुळखुळवत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, डेटाबेसातली जागा काढून घेत नाही, राहू दे चालू. वस्तू मात्र आठवड्यात हलवा.

कुठे हलवू, ते त्यांनी विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

२ एप्रिल, बुधवार

घरी. दुसरी जागा कोणती होती?

जुळ्यांच्या वडिलांनी हातगाडी आणली, तिच्यावरून सगळं वर चढवलं. बैठकीच्या खोलीत पलंगावर हिच्या गाद्यागिरद्या, कापडांची गाठोडी तशीच होती. ती उचलून आत ठेवली. भिंतीला खिळे मारले, पाने टांगले. शिवणयंत्र खिडकीशी लावलं. ते पूर्वीही तिथेच असायचं; खाली मीच नेलं होतं. पडदा बाजूला केला तर खोलीत चांगला उजेड आहे.

३ एप्रिल, गुरुवार

साइटवर एकच ओळ बदलायची होती. ठिकाण: तळघर. ते पुसून सहावा मजला, दोन नंबर, असं माझं घर लिहिलं. डेटाबेसने घर तपासलं आणि घेतलं. हे दार खरंच आहे.

कात्रीपुढे लिहिलं, 'उपलब्ध'. खाली माझ्या नावाने चिठ्ठी लिहिली. बरेचदा लिहून खोडली, शेवटी एवढीच ठेवली: "चौथ्या मजल्यावर सातवं दार नाही. कात्री माझ्याकडेच होती. ज्यांना हवी त्यांनी घरी येऊन न्यावी. धार लावलीय. तुमचं रीळ जपून ठेवलंय."

४ एप्रिल, शुक्रवार

घंटा वाजली. धावत गेलो. पंप नेलेले शेजारी तो परत करायला आले होते. पाणी घ्या म्हटलं, बसले थोडे.

६ एप्रिल, रविवार

दुपारी त्या आल्या. बाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, हे दार मात्र पहिल्या फेरीत सापडलं.

आत आल्या, शिवणयंत्रावरून हात फिरवला, पान्यांची रांग बघितली. मी खणातून कात्री काढली, मलमल सोडली. हातात घेऊन त्यांनी वजन अजमावलं, तसं जाणकार माणूसच करतं.

"कोणाची?"

"हिची."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. एकच खुर्ची, एकच कप. जे कळायचं ते त्यांना कळलं असावं. मी घाईने म्हटलं की एकच अट आहे, या कात्रीने कागद कापायचा नाही. आणि परत द्यायला उशीर झाला तरी चालेल. ही असती तर असू दे, असू दे, म्हणाली असती.

त्या म्हणाल्या, "मग ती उत्तरं सगळीच तुमची नव्हती."

मी चहा टाकतो म्हटलं. दुसरा कप शोधायला वेळ लागला, वरच्या फळीवर मागे गेला होता. त्यांनी तोवर रीळ उचलून खिशात टाकलं आणि म्हणाल्या, आता दोरा मलाच लागेल. आधी पूर्वेची खिडकी घेते, गडद कापड भिजवून वाळवलंय. उरलेलं कापड घेऊन पुढच्या सुट्टीला येईन. टीप इथे यंत्रावर घालता येईल का, काका?

म्हटलं, येईल की.

भाचीचा फोन मधेच येऊन गेला. पहिल्यांदाच तिला म्हटलं, नंतर कर, घरी कोणी आलंय.

त्या गेल्यावर नोंद केली. माणूस: तिसरा मजला, बसवाल्या. वस्तू: कापडाची कात्री. डेटाबेसने दोन्ही गाठी तपासल्या आणि ओळ घेतली. साइटवर आता पूर्वीसारखंच दिसतं, 'कात्री बाहेर गेली आहे'. खण उघडून पाहिला. खरंच गेली आहे.